आमचा मुखत्यार

'प्रॉक्सी' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. शाळामास्तराला तो शब्द तसा परका नाही. मागच्या बाकावरचा मुलगा गैरहजर दोस्ताच्या नावाला 'हजर' म्हणतो, ती प्रॉक्सी. आणि गणिताचे मास्तर रजेवर गेले म्हणून भूगोलाच्या मास्तरांना वर्गावर बसवतात, तीही प्रॉक्सीच. मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी कायम कामगाराच्या जागी उभा राहणारा 'बदली' असे. पण दुसऱ्याच्या वतीने कचेरीत जायचे, त्याचे काम आपल्या नावावर करून आणायचे आणि आणलेली वस्तू निमूटपणे ज्याची त्याच्या हाती द्यायची, या सगळ्याला मिळून आपल्याकडे एक जुना, भारदस्त शब्द आहे: मुखत्यार. मला तो पसंत पडला. आमच्या कार्यालयात मात्र त्याला कुणी विचारले नाही. शिपाईमामा तर शेवटपर्यंत 'पोक्शी' म्हणत राहिले.

हा मुखत्यार म्हणजे भंगारात निघालेला एक संगणक होता. गोष्ट २००९ सालची. आमच्या शिक्षणसंस्थेचे मुख्य कार्यालय शहापूरला आणि दुसरे, लहानसे, मुरबाडला. शहापूरला सहा संगणक, मुरबाडला चार. शहापूरच्या सहा यंत्रांच्या वाट्याला इंटरनेटची एकच जोडणी होती, आणि तिचा वेग सेकंदाला ५१२ किलोबिट. हा आकडा ऐकून आजची मुले हसतील. तेव्हा आम्ही तो शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत असू. चार मेगाबाइटचा एखादा शासननिर्णय उतरवायचा, तर एकट्याला निदान एक मिनिट लागे. पण सरकारी कागदाचा स्वभाव असा, की तो एकाला हवा झाला म्हणजे त्याच दिवशी सगळ्यांनाच हवा होतो. सहाही जण तोच कागद मागू लागले की प्रत्येकाला सहा-सात मिनिटे. आणि मधेच तार रुसली तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय महिन्याच्या वापराला मर्यादा होती. ती ओलांडली की पुढच्या प्रत्येक मेगाबाइटला वेगळे पैसे. सप्टेंबरचे बिल पाहून आमच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बिल तेवढेच आहे हे पाहून मला बोलावणे धाडले.

मलाच का, असे कुणी विचारील. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला संस्थेत दोन प्रकारची कामे मिळतात. एक, स्नेहसंमेलनाचा अहवाल लिहिण्याचे. आणि दुसरे, जे कुणालाच येत नाही असे कोणतेही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु न येणारी गोष्ट पुस्तकात पाहून करण्याची मला लहानपणापासून खोड आहे, आणि ती अध्यक्षांना ठाऊक होती.

आता या कामाचे मर्म काय, ते सांगितले पाहिजे. आणि ते सांगायला शहापूर तालुक्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. आमचा तालुका म्हणजे मुंबईचे पाणवठे. तानसेचे धरण १८९२ सालचे. तिथले पाणी तेव्हापासून नळांतून मुंबईला चालले आहे. पुढे वैतरणा आली, भातसा आली. मुंबईकर नळ सोडून दात घासतो तेव्हा त्यातले बरेचसे पाणी आमच्याकडचे असते. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे रांगेत मांडून टँकरची वाट पाहत बसतात. टँकर आला की शहाणी बाई काय करते? दर घोटाला टँकरकडे धावत नाही. एकदाच रांजण भरून घेते, आणि घरातल्या सगळ्यांनी त्यातून प्यायचे असते. मी अध्यक्षांना म्हटले, "साहेब, आपल्याकडे टँकर येतो, पण घरात रांजण नाही. सहा माणसे सहा वेळा तेच पाणी आणायला जातात."

पाणी इथून मुंबईला जाते आणि जगाची बातमी मुंबईवरून इथे येते. दोन्हींत आमच्या वाट्याला धार बारीकच. असो.

रांजणाची ही कल्पना अर्थात माझी नव्हे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात 'हार्वेस्ट' नावाचे एक संशोधन चालू होते. त्यातून १९९६ च्या सुमारास 'स्क्विड' नावाची आज्ञावली निघाली. ड्युएन वेसल्स नावाच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती वाढवली, आणि ती फुकट वाटली. स्क्विड म्हणजे आपल्याकडच्या कोळणी जिला 'माकूल' म्हणतात ती. हे नाव का दिले? तर काम चालू असताना तात्पुरते दिलेले नाव पुढे चिकटले, एवढेच. आपल्याकडेही पाळण्यातले नाव बाजूला राहते आणि हाक मारायचे नाव जन्मभर चिकटते, तशातला प्रकार.

ही माकूल कशी वागते पाहा. कार्यालयातला कुणीही कोणतेही पान मागो, मागणी प्रथम तिच्याकडे येते. ती आपला साठा पाहते. नसेल तर स्वतः बाहेर जाऊन, स्वतःच्या नावावर, ते पान घेऊन येते. मागणाऱ्याला देते आणि एक प्रत आपल्याकडे ठेवते. दुसऱ्याने तेच मागितले की घरातूनच काढून देते. पण पान जुने झाले असेल तर? तर ती मूळ ठिकाणी एवढेच विचारून येते, "मी अमक्या तारखेला नेले होते, त्यानंतर काही बदलले का?" तिकडून उत्तर येते, "नाही." या एका 'नाही'वर चार मेगाबाइट वाचतात. साठ्याची जागा भरत आली, की ज्याची फार दिवसांत कुणी विचारपूस केली नाही ते पान आधी बाहेर. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात हा नियम लावला, तर माझ्या कादंबऱ्यांचे काय होईल याचा विचार मी फार वेळ केला नाही. शिवाय जवळपास दुसरी माकूल असेल तर आधी तिच्याकडे विचारायचीही सोय आहे. शेजारणीकडे विरजण मागावे तशी. आमची शेजारीण मुरबाडला, आणि मधे सगळा किन्हवलीचा रस्ता. त्यामुळे ती सोय वापरायचा प्रसंग आला नाही.

माकूल राहायची ती लिनक्सच्या घरात. लिनक्सची जन्मकथा आता सर्वांना ठाऊक आहे. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले, की मी हौसेखातर एक संगणक-प्रणाली करतो आहे. आणि जगभरच्या लोकांनी तिला हातभार लावून तिचा डोंगर केला. आमच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे ती विकत घ्यावी लागत नव्हती आणि जुन्या, थकलेल्या यंत्रावरही कुरकुर न करता चाले. त्या काळी 'उबंटू' नावाच्या लिनक्सच्या तबकड्या मागणी नोंदवली की टपालाने घरपोच, फुकट येत. २००५ ते २०११ पर्यंत ही सोय होती. माझी तबकडी परदेशातून निघून शहापूरला आली. पोस्टमनने ती देताना चारी बाजूंनी उलटून पाहिली आणि विचारले, "गुरुजी, तिकडे कादंबरी छापली का?" मी नाही म्हटले, तेव्हा त्याचा माझ्यापेक्षा जास्त हिरमोड झाला.

दिवाळीची सुट्टी लागली. माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा कल्याणला तंत्रनिकेतनात शिकत होता. तो आसनगावला गाडीतून उतरून रोज येऊ लागला. मुलगा मोठा हुशार आणि तितकाच कमी बोलणारा. अडगळीतून एक पेंटियम काढला. २५६ मेगाबाइटचे स्मरण, वीस गिगाबाइटची डिस्क. त्याला दोन नेटवर्क कार्डे बसवली: एकाची तार बाहेरच्या जोडणीकडे, दुसरीची घरातल्या सहा यंत्रांकडे. मधे हा उभा. याला ओलांडल्याशिवाय आतले कुणी बाहेर जाणार नाही आणि बाहेरचे आत येणार नाही. तबकडी घातली, तासाभरात लिनक्स बसले. मग आणखी एक आज्ञा दिली आणि स्क्विडही बसली. मला वाटले, झाले काम!

काम तिथून सुरू झाले. स्क्विडला कसे वागायचे हे सांगणारी एक फाइल असते. हजारो ओळींची, त्यांतल्या बहुतेक ओळी नुसत्या समजुतीच्या, म्हणजे ही आज्ञा कशासाठी, ती न दिल्यास काय होईल, असे सांगणाऱ्या. मुलाला त्या वाचायचा कंटाळा. तो म्हणाला, "सर, वीस ओळी लागतात. बाकीच्या कुणी वाचत नाही." मी मात्र शब्दकोश जवळ घेऊन चार रात्री ती फाइल वाचली. खोटे कशाला सांगू, मला ती एखाद्या जुन्या बखरीसारखी वाटली. कोण कुठल्या देशातली माणसे. पण पुढे केव्हातरी कुणी अनोळखी माणूस हे वाचील आणि त्याची अडचण होईल, या काळजीने प्रत्येक आज्ञेवर परिच्छेद लिहून गेलेली.

त्या फाइलीत मला नियमांची एक गंमत सापडली. कुणाला जाऊ द्यायचे आणि कुणाला अडवायचे हे नियम स्क्विड वरून खाली वाचते, आणि जो पहिला लागू पडेल तो पाळून मोकळी होते. खालचे वाचतच नाही. म्हणजे नियम काय आहेत याच्याइतकेच ते कोणत्या क्रमाने लिहिले आहेत याला महत्त्व. आणि एकही लागू पडला नाही तर? तर शेवटच्या नियमात जे सांगितले असेल त्याच्या नेमके उलट करायचे! शेवटी 'यांना जाऊ द्या' असे लिहिले असेल, तर ज्यांचा उल्लेख नाही ते सगळे अडले. म्हणून जाणते लोक शेवटची ओळ स्पष्ट शब्दांत लिहितात: उरलेल्या सगळ्यांना मनाई. वीस वर्षे शाळेचे नियम फळ्यावर लिहिणाऱ्या माणसांनाही ही गोष्ट सुचलेली मी पाहिली नाही.

साठ्यासाठी आम्ही पाच गिगाबाइट राखले. एका गिगाबाइटच्या साठ्यामागे सुमारे दहा मेगाबाइट स्मरण नुसत्या यादीसाठी खर्च होते, असा जाणत्यांचा हिशेब. तेव्हा २५६ मेगाबाइटच्या गरिबाला याहून मोठा रांजण झेपला नसता. साठ्याची मांडणीही पाहण्यासारखी. सोळा कपाटे, प्रत्येकात दोनशे छप्पन्न खण. म्हणजे चार हजार शहाण्णव खण, आणि कोणत्या खणात काय आहे हे फक्त तिला ठाऊक. मग सहाही यंत्रांना सांगून ठेवले, की बाहेर जायचे झाल्यास या पत्त्यावर, ३१२८ क्रमांकाच्या दारातून जायचे. पडदा आणि कळफलक काढून घेतला. आता त्या पेटीला ना डोळा, ना हात. फक्त एक हिरवा दिवा लुकलुकत होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपड्यांबरोबर शिपाईमामांनी तिलाही हळदकुंकू वाहिले. "सगळ्यांची ये-जा हिच्यातनंच व्हायची ना? मग उंबराच झाला की," ते म्हणाले.

सुट्टी संपून कार्यालय सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. एकाने उतरवलेला शासननिर्णय दुसऱ्याला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिळू लागला. सहा यंत्रांचे विषाणूरोधक रोज तेच औषध सहा वेळा बाहेरून आणीत असे. आता ते एकदा येऊ लागले. मुरबाडलाही असेच यंत्र बसवायचे ठरले. एसटीने किन्हवली, सरळगाव करत एका रविवारी गेलो; मांडीवर पेटी होती. वाहकाने तिचे अर्धे तिकीट घ्यावे की सामान म्हणून सोडावे, यावर गाडीत चांगला वाद झाला. मुरबाडला चारच यंत्रे; काम दुपारपर्यंत आटपले. भारनियमनाच्या वेळात ती पेटी इन्व्हर्टरवर कशी जगवायची एवढाच प्रश्न होता, तो तिथल्या वायरमनने सोडवला.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

मुखत्यार आपल्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवतो. केव्हा, कोणत्या यंत्राकडून, कोणते पान मागितले, ते साठ्यातून दिले की बाहेरून आणले, किती आकाराचे होते: एका फेरीला एक ओळ. वेळसुद्धा घड्याळाची नव्हे; १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. त्या दिवसांत प्रत्येक ओळ १२५ ने सुरू होणाऱ्या दहा आकड्यांनी उघडत असे. बिल आटोक्यात आले हे पाहून अध्यक्ष खूश होते, आणि अशी वही आहे हे कळताच आणखी खूश झाले. म्हणाले, "गुरुजी, दर शनिवारी मला यादी द्या. कोण काय पाहतो ते कळू दे. तार संस्थेची, वेळ संस्थेचा."

त्यांचे म्हणणे चूक होते असे मी म्हणणार नाही. पैसा संस्थेचाच होता, आणि तो देणगीदारांच्या दारात उभे राहून त्यांनीच जमवलेला होता. कार्यालयाच्या वेळात गाणी उतरवणारे एक-दोघे होते, हेही खरे. त्यांना विचारण्याचा अध्यक्षांना हक्क होता.

मी ती वही उघडली ती वेगळ्या कारणाने. किती पाने साठ्यातून जातात, किती बाहेरून येतात, हे मला मोजायचे होते. पण कादंबरीकाराच्या हाती अशी वही पडली म्हणजे काय होते, हे वाचकांनी समजून घ्यावे. माणूस तोंडाने बोलतो त्यातले निम्मे दुसऱ्यासाठी असते. तो एकटा बसून जे शोधतो ते सगळे त्याचे स्वतःचे. सकाळी कुणी सोन्याचा भाव पाहिला होता. कुणी मुलीसाठी स्थळे. कुणी नाशिकच्या एका महाविद्यालयाचे शुल्क, एकाच दिवशी पाच वेळा. जणू पाचव्या वेळी ते कमी होणार होते. सहा यंत्रे, आणि सहा कादंबऱ्यांची प्रकरणे.

मग चौथ्या क्रमांकाचे यंत्र आले. त्याच्या ओळी रोज संध्याकाळी पावणेसहाच्या पुढच्या, कार्यालय सुटल्यानंतरच्या. तेव्हाच्या बहुतेक पानांच्या पत्त्यातच त्यांचा विषय लिहिलेला असे, आणि पानावरच्या प्रत्येक चित्राचीही वेगळी ओळ पडे. पहिल्या दिवशी त्वचेच्या रोगांची पाने होती. दुसऱ्या दिवशी फिक्या चट्ट्यांची चित्रे. तिसऱ्या दिवसापासून पुढे एकच विषय: कुष्ठरोग. जागतिक आरोग्य संघटनेचे एक पान लागोपाठ तीन संध्याकाळी मागितलेले होते. अधूनमधून शोधयंत्राकडे केलेली एखादी फेरी होती. पण ती ओळ प्रश्नचिन्हाशी थांबलेली.

प्रश्नचिन्हाशी का थांबली, ते त्या हजारो ओळींच्या फाइलीत मी वाचले होते. माणसाने शोधयंत्राला काय विचारले हे पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे लिहिलेले असते, आणि स्क्विड नोंद करताना तेवढा भाग आपणहून गाळते. वापरणाऱ्याची खासगी गोष्ट खासगी राहावी म्हणून, असे तिथे कारणही दिले आहे. कुणी मुद्दाम सांगितले तरच ती पुढचे लिहिते. कुठल्या तरी देशात बसून हा नियम लिहिणाऱ्या माणसाला शहापूरच्या एका कार्यालयात संध्याकाळी एकट्याने बसलेल्या जीवाची काय माहिती असणार? पण त्याने त्याची सोय करून ठेवली होती, आणि तीही कुणी न मागता.

चौथे यंत्र तिघे जण वापरीत. तिघेही मला रोज चहाला भेटत. त्यांपैकी कोण, हे मी वेळा ताडून, हजेरीपुस्तक पाहून तासाभरात काढू शकलो असतो. माझ्या धंद्याला तर ते शोभूनही दिसले असते. मी वही मिटली.

हा रोग बरा होतो, हे आता शाळेच्या पुस्तकातही असते. बहुविध औषधांचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ सालीच सुचवला. १९९५ पासून ती औषधे जगभर मोफत मिळतात. सौम्य प्रकाराला सहा महिने, तीव्र प्रकाराला वर्षभर गोळ्या घ्यायच्या, आणि त्या सुरू होताच संसर्गाची भीती जवळजवळ संपते. आमच्या महाराष्ट्रात तर बाबा आमट्यांनी आनंदवन उभे करून साठ वर्षे होत आली होती. हे सगळे खरे. आणि तरीही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जहाल आणि असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून लिहिलेले होते. ते संसदेने काढले २०१९ साली. आमच्या संस्थेचे तर वसतिगृह होते. दोनशे मुलांचे जेवण तिथे शिजे. शनिवारच्या यादीतली ती चार ओळींची नोंद एकदा बैठकीच्या टेबलावर पडली असती, तर त्या माणसाचा पेला दुसऱ्या दिवशी वेगळा ठेवला गेला असता. नोकरीचे पुढे काय झाले असते आणि घरी काय, ते सांगायला कादंबरीकार नको.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका पाड्यावरच्या शाळेत होतो. पाड्यावरची निम्मी माणसे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जात, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना येणारी पत्रे मास्तरांकडे वाचायला येत. तिथे माझ्या आधीपासून असलेले एक वयस्क गुरुजी होते. पत्र हाती आले की ते आधी मुलांना अंगणात पिटाळीत, मग दार लोटून घेत, मग म्हातारीच्या कानाशी वाकून वाचीत. वाचून झाले की पत्र तिच्या कमरेच्या पिशवीत स्वतः घालून देत. पाड्यावर कुणाचा मुलगा कुणाबरोबर पळाला, कुणावर उचलीचे किती कर्ज, हे सगळे त्या एका माणसाला ठाऊक होते. आणि चार वर्षांत त्यांच्या तोंडून मी त्यातला एक शब्द ऐकला नाही. त्यांच्याशेजारची खोली माझी होती, आणि मी तेव्हाही गोष्टी लिहीत होतो.

फाइलीत आणखी एक आज्ञा होती. ती दिली की नोंदीत यंत्राचा पूर्ण पत्ता पडत नाही. शेवटचा आकडा पुसला जातो आणि सहाही यंत्रे एकसारखी दिसू लागतात. तिच्यावरही तेच स्पष्टीकरण: वापरणाऱ्यांच्या खासगीपणासाठी. मी ती आज्ञा लिहिली. दर शनिवारी रात्री फक्त ठिकाणवार बेरीज निघावी आणि मूळ वही पुसली जावी, अशीही व्यवस्था त्या मुलाकडून करून घेतली. त्याने कारण विचारले नाही. कमी बोलणाऱ्या माणसांचे हे एक बरे असते.

मग अध्यक्षांकडे गेलो. बेरजेचा कागद पुढे ठेवला. ते म्हणाले, "नावे कुठे आहेत?" मी म्हणालो, "साहेब, नावे नको. गाण्यांची ठिकाणे कार्यालयाच्या वेळात बंद करून देतो, म्हणजे कुणाला विचारायचा प्रश्नच येणार नाही." त्यांना ते पटेना. शिस्त लागायची तर माणूस कळला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. तेव्हा मी म्हणालो, "यादी काढायची तर सहाही यंत्रांची निघेल. पहिल्या क्रमांकाचे यंत्र आपल्या खोलीत आहे. आणि वही ठेवणार मी."

अध्यक्षांनी चहाचा पेला खाली ठेवला. खिडकीतून माहुलीच्या किल्ल्याकडे थोडा वेळ पाहिले. मग म्हणाले, "बेरीज पुरे आहे. बिल वाढता कामा नये म्हणजे झाले." त्यांच्या खोलीत ते काय पाहत हे मला ठाऊक नाही; त्या ओळी मी वाचल्या नव्हत्या. बहुधा काही विशेष नसेल. पण प्रत्येकाला आपले साधेसे काहीतरी कुणी वाचू नये असे वाटतेच.

एवढ्याने वहीचे काम झाले. चौथ्या यंत्राशी बसलेल्या माणसाचे झाले नाही. ती पाने सगळी इंग्रजीत होती, आणि आमच्या कार्यालयात इंग्रजी म्हणजे अर्धे कळून अर्धे भ्यायचे. मी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे गेलो आणि मुलांसाठी आरोग्याची माहिती हवी, असे म्हणालो. त्यांनी आनंदाने दिली. माझ्या अक्षरात एक मोठा कागद लिहिला. पहिले कलम सर्पदंशाचे, दुसरे कुत्रा चावण्याचे, तिसरे क्षयाचे, आणि चौथे: अंगावर फिका किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर केंद्रात दाखवावे, औषध मोफत मिळते, सहा महिने ते वर्षभरात रोग पूर्ण बरा होतो, घरातच राहून, नेहमीचे काम करीत औषध घेता येते. पाचवे कलम उलट्या-जुलाबांचे. चौथ्यावर कुणाची नजर अडकू नये म्हणून पाचवे. हा कागद कार्यालयात लावला, शिक्षकांच्या खोलीत लावला, वसतिगृहात लावला आणि एक मुरबाडलाही पाठवला.

शिपाईमामांनी तो मोठ्याने वाचला. "सापाचं आधी घातलंत ते बरं केलंत," म्हणाले.

त्यापुढे काय झाले ते मला सांगता येत नाही. त्या तिघांपैकी दोघे आमच्याकडूनच निवृत्त झाले, एकाची बदली झाली. तिघेही धडधाकट होते. कुणी केंद्रात गेले की नाही, गेले असले तर कोण, की तो नुसता उन्हाचा डाग होता आणि कुणी दुसऱ्या तालुक्यातल्या आपल्या भावासाठी वाचीत होते, यातले काही मला कळले नाही. वहीतून कळले असते. पण वहीत आता सगळी यंत्रे सारखीच होती, आणि शनिवारी रात्री तीही पुसली जाई.

पुढे काळ बदलला. आता जवळजवळ सगळी पाने बंद पाकिटातून ये-जा करतात. पूर्वीचा व्यवहार पोस्टकार्डाचा होता. हातात धरणाऱ्या कुणालाही मजकूर वाचता येई. २०१५ नंतर पाकिटे फुकट मिळू लागली आणि बघता बघता सगळ्यांनी ती वापरायला सुरुवात केली. आता मुखत्याराला फक्त पाकिटावरचा पत्ता दिसतो. आतले त्याला वाचता येत नाही, आणि म्हणून साठवताही येत नाही. रांजणाचा उपयोग संपला. वेगही वाढला, मर्यादाही गेल्या. स्क्विड अजून आहे, तिच्यात सुधारणाही होत असतात, आणि मोठमोठ्या ठिकाणी ती आपले काम करते. पण सहा यंत्रांच्या कार्यालयाला तिची गरज राहिली नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात आमची पेटी काढायचे ठरले. नऊ वर्षांत तिने दोन पंखे आणि एक वीजपुरवठ्याचा डबा खाल्ला होता. बाकी तक्रार नाही. भंगारवाला दुपारी येणार होता. डिस्क तशीच द्यायला मन होईना. पुसलेली वहीसुद्धा जाणत्या माणसाला पुन्हा वाचता येते, हे मला एव्हाना माहीत झाले होते. म्हणून पडदा आणि कळफलक पुन्हा जोडला, आणि सगळ्या डिस्कवर पहिल्या जागेपासून शेवटपर्यंत शून्ये लिहायची आज्ञा दिली. शिपाईमामा तोवर निवृत्त झाले होते. नवा शिपाई टेबले पुसत होता. वीस गिगाबाइटना पंचवीस मिनिटे लागली. तेवढ्यात माझा चहा झाला.